कुलसंमेलनाआधी वंशावळीचे काम कुठून सुरू करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या आडनावाच्या घराण्यांचे कुलसंमेलन येत्या मे महिन्यात भरणार आहे. वंशावळीचे काम तुम्ही अंगावर घेतले आहे. हाताशी पणजोबांपर्यंतची नावे आणि एक जुना छापील कुलवृत्तांत आहे. तुमची शाखा त्या कुलवृत्तांतातल्या मूळपुरुषाशी कशी जोडायची, आणि संमेलनात नेमके काय करायचे?

आधी एक गोष्ट ठाम सांगतो. मूळपुरुषापासून खाली येऊ नका. स्वतःपासून वर जा, एका वेळी एकच पिढी, आणि प्रत्येक पायरीला काहीतरी आधार असू द्या: कागद असेल तर कागद, नसेल तर सांगणाऱ्याचे नाव आणि त्याने कधी सांगितले ती तारीख. वरून खाली येणाऱ्याला कुलवृत्तांतात आपल्या पणजोबांच्या नावाचा कुणीतरी भेटतोच, कारण रामचंद्र, गणेश, विठ्ठल, सखाराम ही नावे प्रत्येक घरात आहेत. तो सापडला की आनंदाच्या भरात रेघ ओढली जाते आणि पुढची माणसे ती रेघ खरी धरून चालतात. आडनाव सारखे असणे हा पुरावा नव्हे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही वतनांची नावे आहेत. दोन गावांचे दोन पाटील एकमेकांचे कुणीही नसू शकतात. उलट एकाच बापाच्या दोन मुलांपैकी वतन सांभाळणारा कुलकर्णी राहिला आणि पोटासाठी बाहेर पडलेला गावाच्या नावावरून ‘-कर’ झाला, असेही पुष्कळ घडले आहे. म्हणून आडनावाच्या बरोबरीने मूळ गाव, कुलदैवत, आणि तुमच्याकडे पाळत असतील त्याप्रमाणे गोत्र किंवा देवक, हे सगळे जुळते का ते पाहायचे.

सरकारी दफ्तरात जाण्याआधी घर नीट चाळा. घरात श्राद्ध-पक्ष होत असेल तर महालयाची यादी शोधा. पितृपक्षात गुरुजींपुढे ठेवायचा तो कागद बहुधा देवघराच्या कप्प्यात किंवा पंचांगात दुमडलेला असतो. त्यात वडील, आजोबा, पणजोबा तर असतातच, शिवाय आई, आजी, पणजी, आईचे वडील आणि आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, सासरे अशी गेलेली माणसे नावानिशी असतात. आईकडच्या पुरुषांची नावे इतक्या सहज दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळत नाहीत. वार्षिक श्राद्धाची तिथी माहीत असेल तर निधनाचा महिना आणि तिथीही हाती आली, फक्त वर्ष शोधायचे राहते.

जुन्या हस्तलिखित जन्मपत्रिका असल्या तर त्यांच्या मथळ्यात शके, संवत्सर, तिथी आणि बहुधा वडिलांचे, कधी आजोबांचेही नाव असते. शकाचे इसवी सन काढताना ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातला जन्म असेल आणि इंग्रजी वर्ष उलटले असेल तर ७९. आणि माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. लग्नात, मुंजीत आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि पुष्कळदा तारीख कोरलेली असते. पातेल्याच्या काठावरचे अक्षर चिंचेने घासून, तिरप्या उजेडात धरून वाचा. आजीच्या माहेरचे आडनाव घरात कुणालाच आठवत नव्हते आणि ते घंगाळावर मिळाले, असे एका कुटुंबात मी स्वतः पाहिले आहे.

आता कागद. मुंबई इलाख्यातल्या गावांसाठी माझा सर्वांत मोठा विश्वास फेरफारावर आहे, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणाऱ्या गाव नमुना ६ वर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हक्कनोंदणी सुरू झाली तेव्हापासून खातेदार मयत झाला की वारसनोंद धरली जाऊ लागली. नमुन्यादाखल एक नोंद अशी असते: ‘लक्ष्मण बिन सखाराम हा सुमारे ६ महिन्यांपूर्वी मयत. त्यास वारस १) मुलगा सखाराम, २) मुलगा विठू, अज्ञान, अ.पा.क. भाऊ सखाराम, ३) विधवा राधाबाई कोम लक्ष्मण.’ एवढ्या तीन ओळींत काय काय आहे पाहा. ‘बिन’ म्हणजे मुलगा, त्यामुळे लक्ष्मणाच्या बापाचे नाव मिळाले. ‘कोम’ म्हणजे बायको, तिचे सासरचे नाव मिळाले. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे विठू तेव्हा १८ वर्षांच्या आतला होता, त्याच्या जन्मवर्षाला एक मर्यादा पडली. नोंदीच्या तारखेतून ६ महिने मागे गेले की लक्ष्मणाच्या मृत्यूचा अंदाज आला. मग त्या काळातले मृत्यूचे रजिस्टर पाहायचे. आणि मोठ्या मुलाला आजोबांचे नाव ठेवले आहे, हे मनात पक्के करून ठेवायचे. याकडे पुढे येतोच.

या नोंदीत मुली नाहीत. त्या नव्हत्या असा अर्थ काढू नका. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतरच्या वारसनोंदींत मुली दिसू लागतात, आणि पुष्कळदा त्यांच्या सासरच्या गावासकट. त्यानंतर त्याच मुलींचे हक्कसोड पत्र असते, तेही काढा. त्याआधीच्या काळात विधवा सून किंवा आई सातबाराच्या ‘इतर हक्कात’ पोटगीपुरती डोकावते. बाईचे नाव कागदावर फार कमी वेळा येते, म्हणून जिथे येते तिथे ते आधी टिपून घ्यायचे.

फेरफार आणि जुने सातबारे महाभूमी या सरकारी भूमी अभिलेख संकेतस्थळाच्या ‘आपले अभिलेख’ या सुविधेतून बऱ्याच तालुक्यांचे थोड्या शुल्कात मिळतात. तुमचा तालुका तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. गट नंबर न देता जुना सर्व्हे नंबर द्या, नाहीतर कारकून हात हलवतो. मूळ गाव मराठवाड्यात असेल तर निजामाच्या अमदानीतले पुष्कळ कागद उर्दूत आहेत आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे शेतवार नोंदींचा कागद, हा चांगला टप्पा आहे. विदर्भात जमीन बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे फायली, आणि अधिकार अभिलेख पाहावे लागतात. गोव्यातून आलेल्या घराण्यांना देवस्थानाच्या महाजनांच्या नोंदवह्या आणि पणजीचे पुराभिलेख खाते हे दोन मार्ग आहेत. फक्त हे ध्यानात ठेवायचे की कित्येक देवस्थाने स्वतःच हललेली आहेत. मंगेशीचा देव १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आणला गेला. तेव्हा देवळाचे आजचे गाव तेच कुळाचे मूळ गाव, असे गृहीत धरता येत नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात. बारशाआधीच नोंद झाल्याने कित्येकदा बाळाचे नाव नसते, नुसते ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ आणि बापाचे नाव. मृत्यूच्या नोंदीत कारण असते. प्लेगच्या आणि १९१८ च्या तापाच्या साथीतली पाने वाचताना एकाच घरातली तीन-चार नावे लागोपाठ दिसतात आणि मग एखादी शाखा अचानक का खुंटली, मुले मामाकडे का वाढली, हे उलगडते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या कामातून बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर अशी जुनी पाने, मोडीतलीसुद्धा, स्कॅन करून ठेवली आहेत. तुमची जात कोणतीही असो, आपले गाव तिथे आहे का ते जरूर पाहा, कारण एकेका पानावर आजूबाजूच्या घरांच्याही नोंदी असतात.

शाळेचे जनरल रजिस्टर, काही भागांत ज्याला दाखलखारीज म्हणतात, तेही बघा. मात्र त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नका. १ जूनला जन्मलेली मुले आपल्याकडे किती आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख. शाळा, इयत्ता आणि आधीचे गाव एवढे त्यातून खात्रीने घ्यावे.

आजोबांची जन्मनोंद मूळ गावात सापडली नाही तर लोक पुस्तक गहाळ झाले म्हणून थांबतात. थांबू नका. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नोंद पणजीच्या माहेरच्या गावात असणार. म्हणून मी प्रत्येक बाईच्या नावापुढे माहेरचे आडनाव, माहेरचे नाव आणि माहेरचे गाव असे तीन रकाने ठेवायला सांगतो. जुन्या कुलवृत्तांतांत मुलींची बोळवण ‘कन्या २’ एवढ्यावर केलेली दिसते, सुनांची माहेरे निम्म्या ठिकाणी गाळलेली असतात. तुम्ही नवे काम करता आहात, तर ही उणीव भरून काढा. त्यात न्याय तर आहेच, पण संशोधन म्हणूनही अडलेली वाट बहुतेक वेळा तिथूनच सुटते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पैठण, गोकर्ण, काशी, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही पक्के करून जा, कारण वह्या यजमानाच्या गावावरून आणि आडनावावरून वाटलेल्या असतात आणि तुमचे उपाध्ये कोण हे त्यावरूनच ठरते. आज तुम्ही पुण्यात राहता म्हणून पुणे सांगितलेत तर काहीच मिळणार नाही. नामावळीत तीर्थाला आलेल्याने स्वतः बाप, आजा, भाऊ, मुले, कधी बायका यांची नावे लिहून खाली सही केलेली असते. पणजोबांचे अक्षर बघायला मिळणे ही साधी गोष्ट नाही. परवानगी घेऊन फोटो काढा, दक्षिणा द्या, आणि निघण्यापूर्वी आजची तुमची पिढीही लिहून या, मुली-सुनांसकट. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे मूळ असेल तर गावात हेळवी येतात का विचारा. वंशावळ सांभाळणे हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय; सुगीनंतर बैल घेऊन येतात, वही उघडून घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावे वाचून दाखवतात आणि नवी नावे लिहून घेतात. खानदेश-विदर्भात काही समाजांत हेच काम भाट करतात. हे कागद आणि हे पाठांतर श्रद्धेने ऐका, पण तेही फेरफाराशी ताडून घ्या.

इथून वर जायचे तर मोडी आलीच. साधारण १९५० पर्यंत व्यवहारात मोडी होती, त्यामुळे आजोबांच्या काळातले गहाणखतसुद्धा तुम्हाला वाचता येणार नाही. शिका. राज्य पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात, आणि अक्षरओळख काही आठवड्यांत होते. कठीण असते ते शब्द तोडणे, कारण मोडीत आधी ओळभर रेघ मारून अक्षरे एकामागून एक लिहीत जातात, दोन शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेले नसते. पेशवाईतल्या कागदांवर सन अरबी शब्दांत असतो. ‘सन इसन्ने सलासीन मया व अलफ’ म्हणजे २ अधिक ३० अधिक १०० अधिक १०००, सुहूर सन ११३२. त्यात ५९९ मिळवले की १७३१ येते. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते, त्यामुळे जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे, म्हणजे १७३२.

आता ती आजोबांच्या नावाची गोष्ट. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे वंशात सखाराम-लक्ष्मण-सखाराम-लक्ष्मण अशी माळ तयार होते. १८६० च्या कागदातला ‘लक्ष्मण बिन सखाराम’ आणि १९१५ च्या फेरफारातला ‘लक्ष्मण बिन सखाराम’ एकच धरला की मधल्या दोन पिढ्या गळाल्या. उपाय साधा आहे. प्रत्येक नावापुढे कागदाचे वर्ष घाला आणि दर पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरून बघा. १०० वर्षांत दोनच पिढ्या बसत असतील तर कुणीतरी हरवले आहे. सहा बसत असतील तर दोन भाऊ बाप-लेक म्हणून लागले आहेत. दुसरा घोळ दत्तकाचा. दत्तक गेलेला मुलगा एका शाखेतून नाहीसा होतो आणि दुसऱ्या शाखेत अचानक उगवतो, बापाचे नाव बदलून. वंशवृक्षात त्याला दोन्हीकडे दाखवा, जनक घरी, म्हणजे जन्मदात्या बापाच्या घरी, तुटक रेघेने.

पुण्याच्या पुरालेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, लगेच धाव घेऊ नका. तिथे हजारो रुमालांत कागद बांधलेले आहेत आणि त्यांची रचना रोजकीर्द, घडणी, चिटणिसी, प्रांत अजमास अशा दफ्तरांची आहे, आडनावांची नाही. गाव, परगणा, वतन किंवा इनाम आणि साधारण काळ हे चारही हातात असतील तरच जा. घराण्याला इनाम असेल तर मात्र आशा मोठी आहे. इनाम कमिशनच्या चौकशीत, म्हणजे १८५२ नंतर, इनामदारांना आपला हक्क शाबीत करण्यासाठी कैफियती द्याव्या लागल्या आणि त्यांत वंशावळी मांडलेल्या आहेत. १८७४ च्या वतन कायद्यानंतरच्या वतन रजिस्टरांतही वतनदारांच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, सापडतात. १९१० पासून काम करणारे भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे. तिथल्या ग्रंथालयात तुमच्याशी सोयरिकी असलेल्या घराण्यांचे छापील कुलवृत्तांत पाहता येतात. आपल्या घराण्याच्या पुस्तकात न मिळालेली पणजी तिच्या माहेरच्या पुस्तकात मिळते, म्हणून ही वाट आधी धरा.

संमेलनाकडे येऊ. बहुतेक संमेलनांत दिवस सत्कारात, भाषणात आणि जेवणात जातो, आणि माहिती गोळा करायची ती जेवणाच्या रांगेत. हे बदलायचे तर आयोजकांशी आत्ताच बोला. दोन महिने आधी प्रत्येक घरी एक पानाचा तक्ता पाठवा. आमंत्रण सासरी गेलेल्या मुलींना आणि त्यांच्या मुलांना मुद्दाम स्वतंत्र द्या, ‘सहकुटुंब’ म्हणून भावाच्या पत्रिकेत गुंडाळू नका. घरातल्या आत्याबाईंना जे ठाऊक असते ते भावांना नसते. कोणते मूल गेले, कोण दत्तक गेले, कोणत्या भांडणातून धाकटी पाती गाव सोडून गेली, हे त्यांच्या डोळ्यांदेखत झालेले असते.

सभागृहाच्या एका भिंतीवर शाखावार लांब कागद लावा आणि पेन्सिली बांधून ठेवा. पेन्सिलच, कारण दुरुस्ती करायला माणसे बिचकायला नकोत. आपले नाव कागदावर आहे म्हटल्यावर लोक थांबतात, बोट ठेवून बोलतात, वाद घालतात. तो वाद ऐकायला दोन तरुण मुले वही घेऊन तिथे उभी हवीत. जुने फोटो आणि कागद आणायला सांगा, पण ठेवून घेऊ नका. तिथल्या तिथे दोन्ही बाजूंनी फोटो काढून लगेच परत द्या. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, गाव असते. मोडी वाचणारा एक माणूस दिवसभर टेबलावर बसला तर त्याच्यापुढची रांग संपत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी माईकपासून लांब एक शांत खोली घ्या. तासाभराच्या गप्पा फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. ‘पणजोबांचे नाव काय’ असे विचारलेत तर ‘आठवत नाही बाबा’ एवढेच उत्तर येते. ‘दिवाळीला तुमच्याकडे कोण कोण राहायला यायचं?’ ‘तुमच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागे कोण उभं होतं?’ ‘आईचं बाळंतपण कुठे झालं?’ असे विचारा. अण्णा, तात्या, माई, आक्का अशी नावे येऊ लागली की मध्ये न थांबवता लिहून घ्या आणि शेवटी एकेकाचे कागदावरचे नाव विचारा.

एक अडचण सांगून ठेवतो. काही मंडळी तोंड उघडणार नाहीत. वंशावळ म्हटली की जमिनीतला वाटा, वारसा, जातीचा दाखला हे मनात येते. यात त्यांचा दोष नाही. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र याच कामांसाठी लागते. पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा की हा संग्रह घराण्याच्या इतिहासासाठी आहे आणि कुणाच्याही सहीचा कागद मागितला जाणार नाही. तो शब्द पाळा. कुणी दाव्यासाठी म्हणून तुमच्या वहीची प्रत मागितली तर त्याला तहसीलची वाट दाखवा.

छापील कुलवृत्तांताशी जोडणी यानंतर करा. तुमची कागदाने सिद्ध झालेली साखळी समजा १८७० पर्यंत गेली. आता पुस्तकातल्या त्याच गावच्या शाखेत तेच नाव, तोच बाप आणि शिवाय आणखी एक स्वतंत्र खूण, म्हणजे भाऊ, बायकोचे माहेर, तोच सर्व्हे नंबर किंवा तीच इनाम जमीन, जुळली तर रेघ ओढा. नुसते नाव आणि बाप जुळले तर तुटक रेघ, खाली कारण. जुन्या संपादकांनी पत्रे पाठवून, पायपीट करून, स्वतःच्या पैशाने ही पुस्तके केली आहेत. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, आणि म्हणूनच त्यांनी ‘ऐकीव’ म्हणून दिलेला मजकूर आपण ‘सिद्ध’ म्हणून पुढे नेऊ नये.

छपाईची घाई संमेलनात हमखास होईल, कुणीतरी देणगीही जाहीर करेल. पहिल्या वर्षी टंकलिखित कच्चा मसुदा घरोघर पाठवून दुरुस्त्या मागवा. हयात माणसांचे फक्त नाव आणि जन्मवर्ष ठेवा, फोन, पत्ता, पूर्ण जन्मतारीख छापू नका. दुसरे लग्न, घटस्फोट, दत्तक, घराबाहेर पडलेली मुलगी यांबद्दल त्या त्या घराला विचारूनच लिहा, आणि नको म्हणाले तर माहिती मूळ वहीत मोहोरबंद ठेवा, पण वंशवृक्षातून माणूस गाळू नका. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलामुलींची नावे गाळायचा आग्रह काही ठिकाणी अजून होतो. तिथे संपादक म्हणून ठाम उभे राहा.

मेपर्यंत वेळ पुरेसा आहे. आधी महालयाची यादी आणि फेरफार काढून घ्या; पणजोबांच्या वरच्या दोन पिढ्या त्यातून मिळायला हरकत नाही. एखादी मोडी नोंद लागत नसेल तर पानाचा सरळ वरून, सावली न पडता काढलेला फोटो आणि गावाचे नाव पाठवा, वाचून देईन.